टिकलीएवढ्या टोपीचा प्रश्न

दिवाळीत टिकल्या फोडल्या नाहीत असा माणूस आपल्याकडे विरळाच. पत्र्याचे पिस्तूल असेल तर पिस्तुलात, नाहीतर वाड्याच्या पायरीवर दगडाने ठोकून, पण टिकल्या फोडायच्याच. त्या टिकल्यांचे दोन दोष आम्हा मुलांना पाठ होते. काही टिकल्या कितीही ठोकल्या तरी फुटत नसत. त्यांना आम्ही ‘फुसक्या’ म्हणत असू आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत असू. काही मात्र चड्डीच्या खिशात नुसत्या घासल्या गेल्या तरी फुटत. त्या फुटल्या की आईचा मार बसे. फुटायला हवी तेव्हा न फुटणे हा एक दोष आणि फुटायला नको तेव्हा फुटणे हा दुसरा. या दोन दोषांच्या मधली जागा किती अरुंद असते आणि ती सांभाळायला काय काय लागते, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अमेरिकेत कळले.

मी बत्तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. मापे घेणे हाच माझा धंदा. २०२२च्या उन्हाळ्यात ओहायो राज्यात राहणाऱ्या भाच्याकडे आम्ही दोघे दोन महिने जाऊन राहिलो. भाचा संगणकाच्या नोकरीत आहे. तिकडे गेल्यावर त्याला नेमबाजीचा नाद लागला. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे ठिकाण आहे. तेथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. त्या स्पर्धांत उतरायचे म्हणून त्याने ‘एम-१ गॅरंड’ ही जुनी रायफल घेतली होती. जॉन गॅरंड या अभियंत्याने घडवलेली ही रायफल अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारली आणि दुसऱ्या महायुद्धात ती त्यांच्या पायदळाचे मुख्य शस्त्र होती. ती अर्धस्वयंचलित आहे. म्हणजे एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस आत घेणे ही कामे रायफल स्वतःच करते. माणसाने फक्त दर गोळीला चाप ओढायचा.

या नादाला जोडून दुसरा नाद येतो, तो म्हणजे काडतुसे घरी भरण्याचा. वापरलेली पितळी पुंगळी निम्म्याहून अधिक शाबूत असते. तिची जुनी टोपी काढायची, पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. लाखो माणसे गॅरेजमध्ये एक दाबयंत्र बसवून हा उद्योग करतात. कुणी पैसे वाचवण्यासाठी, तर कुणी नेम अधिक अचूक व्हावा म्हणून. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९चा आहे आणि त्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे आपल्या वाचकांना हे ऐकूनच दचकायला होईल. मलाही झाले होते.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलो. कानांवर संरक्षक चढवून मागे बाकावर बसलो होतो. भाच्याने आठ काडतुसांची क्लिप रायफलीत घातली. बोल्ट पुढे गेला आणि त्याच क्षणी ‘धाड’ असा आवाज झाला. त्याचे बोट चापावर नव्हतेच. रायफलीचे तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडे होते, म्हणून गोळी मातीत गेली. पुढचे काडतूस आपोआप आत जाऊन बसले होते. ते फुटले नाही, हे नशीब. मैदानावरच्या अधिकाऱ्याने सगळ्यांना थांबायला सांगितले. भाचा माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘‘मामा, मी चाप ओढला नव्हता,’’ एवढेच तो म्हणाला.

या प्रकाराला तिकडे ‘स्लॅमफायर’ म्हणतात. बोल्ट आदळल्यानेच गोळी सुटणे, असा त्याचा सरळ अर्थ. तो का झाला हे शोधण्यात आमची ती संध्याकाळ गेली आणि पुढे माझे बरेच महिने. त्या शोधातून जे हाती आले ते बंदुकीपुरते नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

टोपीची गोष्ट

काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक लहानशी गोल धातूची वाटी बसवलेली असते. तिला इंग्रजीत प्रायमर म्हणतात. आपल्याकडे ‘टोपीची बंदूक’ हा शब्द जुना आहे, म्हणून मी टोपीच म्हणतो. रायफलीच्या टोप्यांची मुख्य मापे दोन. लहान टोपीचा व्यास सुमारे साडेचार मिलिमीटर आणि मोठीचा सव्वापाचच्या आसपास. म्हणजे मसुराचा दाणा किंवा कपाळावरची टिकली. आत आघाताने पेटणारे रसायन असते. फायरिंग पिन नावाची पोलादी कांडी बाहेरून टोपीवर आदळते, आतले रसायन पिन आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडले जाते, ठिणगी छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि गोळी सुटते. दिवाळीच्या टिकलीचेच हे तत्त्व.

या शोधाचा मान अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे जातो. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत आधी कानाजवळ भपका उडे आणि मग गोळी सुटे, तोवर बदके सावध होत. म्हणून त्यांनी ठोक्याने पेटणारे रसायन वापरण्याची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढच्या काही दशकांत तांब्याच्या टोप्या आल्या. १८५७ साली ज्या एनफिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून आपल्याकडे आग भडकली, तिचे काडतूस कागदाचे होते आणि टोपी बाहेरून वेगळी बसवावी लागे. टोपी पुंगळीतच बसवलेली धातूची काडतुसे त्यानंतर रूढ झाली.

१८६६च्या सुमारास टोपीचे दोन प्रकार पुढे आले. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते. इंग्लंडच्या वुलिच शस्त्रागारातील एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ऐरण टोपीच्या आत असते आणि पुंगळीला मधोमध एकच छिद्र असते. गंमत अशी, की अमेरिकनाची पद्धत युरोपात चालली आणि इंग्रजाची अमेरिकेत. बॉक्सर पद्धतीची जुनी टोपी आतून एक सळई घालून सहज ढकलता येते. अमेरिकेत घरोघरी काडतुसे भरली जातात, त्यामागे ही सोय आहे.

आपल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या पॉइंट टू-टू काडतुसाला वेगळी टोपी नसतेच. त्याचे रसायन पुंगळीच्या कडेत भरलेले असते. एकदा कड चेपली की ती पुंगळी संपली. त्यामुळे कोल्हापूरच्या मुलांनी त्या काडतुसांवर कितीही घाम गाळला, तरी टोपी निवडण्याची ही डोकेदुखी त्यांच्या वाट्याला येत नाही.

एकच टोपी, दोन बंदुका

आता स्लॅमफायरकडे वळू. साध्या, हाताने बोल्ट मागेपुढे करायच्या रायफलीत फायरिंग पिन स्प्रिंगने अडवून धरलेली असते. चाप ओढल्याशिवाय ती सुटत नाही. शिवाय बोल्ट माणसाच्या हाताने, त्याच्या वेगाने बंद होतो. गॅरंडसारख्या कितीतरी अर्धस्वयंचलित रायफलींत मात्र पिन मोकळी असते. बोल्ट जोरदार स्प्रिंगने पुढे धावतो आणि थांबतो. बस अचानक थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात, तशी ही मोकळी पिन आपल्याच गतीने पुढे सरकते आणि टोपीला हलका टोला देते. हा टोला दर वेळी बसतो. आजच्या एआर-१५ जातीच्या रायफलीतून न वापरलेले काडतूस बाहेर काढले, तर त्याच्या टोपीवर बारीक खळगा दिसतो. तो याच टोल्याचा.

म्हणजे प्रश्न असा उरतो : त्या टोल्याने टोपी पेटावी की पेटू नये? अर्थात पेटू नये. पण चाप ओढल्यावरच्या ठोक्याने मात्र पेटलीच पाहिजे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर इथे मर्यादा दोन आहेत, एक खालची आणि एक वरची. टोपीची चाचणीही तशीच घेतात. ठरावीक वजनाचा पोलादी गोळा ठरावीक उंचीवरून पिनेवर सोडतात. वरच्या उंचीवरून सोडला तर सगळ्या टोप्या पेटल्या पाहिजेत आणि खालच्या उंचीवरून सोडला तर एकही पेटता कामा नये.

लष्कराला हा धडा अनुभवातून मिळाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एम-१६ रायफल अमेरिकी सैन्यात येत होती, तेव्हा बोल्ट बंद होताच गोळी सुटल्याच्या तक्रारी आल्या. विशेषतः मॅगझिनमधून न घेता सुटे काडतूस थेट नळीत टाकून बोल्ट सोडला, की हा धोका वाढे. मॅगझिनमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग थोडा कमी होतो. सुट्या काडतुसाच्या वेळी तो अडसर राहत नाही. तज्ज्ञांनी उपाय दोन्ही बाजूंनी केला. फायरिंग पिन हलकी केली, म्हणजे टोला सौम्य झाला. आणि टोपी किती संवेदनशील असावी, याच्या मर्यादा आखून दिल्या. यंत्र आणि माल अशा दोघांनाही शिस्त लावली, तेव्हा प्रश्न सुटला.

नागरी बाजारातल्या टोप्यांना मात्र ही लष्करी मर्यादा सरसकट लागू नसते. काही टोप्या मुद्दाम मऊ वाटीच्या असतात, कारण हलक्या ठोक्याच्या बंदुकांतही त्या हमखास पेटाव्यात. साध्या रायफलीत त्या उत्तम असतात, पण मोकळ्या पिनेच्या रायफलीत धोक्याच्या ठरू शकतात. अमेरिकेत आयडाहो राज्यातील लुइस्टन येथील सीसीआय कंपनी लष्करी संवेदनशीलतेच्या टोप्या नागरिकांसाठी वेगळ्या क्रमांकाने विकते. मोठ्या मापाची ३४ क्रमांकाची आणि लहान मापाची ४१ क्रमांकाची. गॅरंडवाले ३४ शोधतात आणि एआर-१५वाले ४१. ‘सुरक्षित टोपी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नुसत्या टोपीकडे बघून देता येत नाही. कोणत्या बंदुकीसाठी, हे आधी विचारावे लागते.

शेजारचे गृहस्थ

भाच्याच्या शेजारी एक निवृत्त टर्नर राहतात. ऐंशीच्या घरातले, तब्येतीने काटक. काडतुसे भरायला भाच्याला त्यांनीच शिकवले. त्या संध्याकाळी ते आले आणि कुणावर न रागावता म्हणाले, ‘‘उरलेली काडतुसे टेबलावर मांडा.’’ चाळीसपैकी आठ क्लिपमध्ये होती, बत्तीस उरली होती. त्यांनी एक पोलादी पट्टी माझ्या हातात दिली. तुम्ही तपासणीतले ना, मग तपासा, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता.

नियम असा, की टोपी पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आतच बसली पाहिजे. ती वर डोकावत असेल, तर पुढे धावणाऱ्या बोल्टचा टोला तिला आधी बसतो. मी बत्तीस बुडांवर पट्टी ठेवून पाहिली. पाच पुंगळ्यांवर पट्टी डुलत होती. या पुंगळ्या लष्कराच्या जुन्या साठ्यातल्या होत्या. लष्करी पुंगळीत टोपी निसटू नये म्हणून तिच्याभोवतीची कड चेपलेली असते. नवी टोपी बसवण्यापूर्वी ती चेपलेली कड काढून टाकावी लागते. या पाचांत ती नीट निघाली नव्हती, म्हणून टोपी तळापर्यंत पोहोचलीच नव्हती.

मग शेजारच्या गृहस्थांनी टोप्यांचा रिकामा डबा मागितला. तो नेहमीचा नव्हता. भाचा खाली मान घालून म्हणाला, ‘‘३४ नंबर कुठे मिळतच नव्हत्या. क्लबातल्या एकाने या दिल्या. मापाने त्याच आहेत.’’ मापाने त्याच होत्या हे खरे, पण त्या मऊ वाटीच्या होत्या. उंच बसलेली टोपी हा एक दोष आणि मऊ टोपी हा दुसरा. एकेकटा दोष कदाचित निभावून गेला असता. दोन्ही एका पुंगळीत भेटले असावेत, असा आम्ही निष्कर्ष काढला.

भाचेसून दारात उभी राहून हे सगळे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘मामा, त्या टेबलाशेजारीच मुलांच्या सायकली असतात.’’ त्यावर आम्हा तिघांपैकी कुणाकडेच उत्तर नव्हते.

टंचाई आणि मोह

भाच्याची चूक त्याच्या हातून झाली, हे खरेच. पण ३४ क्रमांकाच्या टोप्या का मिळत नव्हत्या, याचा विचार केल्याशिवाय ती चूक पुरती कळत नाही.

अमेरिकेत टोप्यांची टंचाई ही काही नवी गोष्ट नाही. २००८ची निवडणूक झाल्यावर २००९ साली ती झाली, आणि सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर २०१३ सालीही. शस्त्रांवर निर्बंध येणार अशी भीती पसरली, की लोक दुकाने रिकामी करतात. पण २०२०ची टंचाई सगळ्यांवर कडी करणारी होती. करोनाची साथ, रस्त्यांवरचा असंतोष आणि निवडणूक हे सगळे एकाच वर्षात आले. त्या वर्षी बंदूकखरेदीशी निगडित पार्श्वभूमी-तपासण्या ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या. त्याआधीच्या वर्षी त्या २ कोटी ८४ लाख होत्या. तपासण्यांचा आकडा म्हणजे विकलेल्या बंदुकांचा आकडा नव्हे, पण वारा कुठून कुठे वाहतो आहे ते त्यातून कळते. हजार टोप्यांचा डबा पूर्वी तीसेक डॉलरांना मिळे. खासगी सौद्यांत तो शंभर डॉलरांच्या वर गेला.

कारखाने का वाढले नाहीत? एक तर टोप्यांचे रसायन बनवणे हे जिवावरचे काम. ते ओले असतानाच हाताळतात, कारण कोरडे झाले की ते कशानेही पेटते. अशी कामे रातोरात दुप्पट करता येत नाहीत. दुसरे म्हणजे आधी तयार काडतुसांची मागणी भागवायची असते. सुट्या टोप्या विकण्याची पाळी शेवटी येते. आणि तिसरे कारण असे, की अमेरिकेत टोप्या बनवणारी मोठी नावे चारच आहेत : सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. २०२० साली रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाली, तेव्हा तिचा काडतुसांचा धंदा व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरांना विकत घेतला. सीसीआय आणि फेडरल आधीपासून तिच्याकडेच होत्या. म्हणजे चारांपैकी तीन नावे एका छपराखाली आली. पुढे २०२४च्या नोव्हेंबरमध्ये व्हिस्टाचा हा सगळा काडतूस विभाग झेकोस्लोव्हाक ग्रुप या प्राग येथील उद्योगसमूहाने २२२ कोटी ५० लाख डॉलरांना घेतला. ओहायोतल्या गॅरेजमधली टोपी आज प्रागमधल्या हिशेबाच्या वहीत आहे.

अशा एकवटलेल्या बाजारात डोंगराएवढी मागणी आली, की माल विशिष्ट क्रमांकाने मिळणे बंद होते. मिळेल तो घ्या, असे चालू होते. आणि इथेच धोका शिरतो. लहान पिस्तुलाची टोपी आणि लहान रायफलीची टोपी यांचे बाहेरचे माप एकच असते. पिस्तुलाच्या टोपीची वाटी मात्र पातळ. बसायला ती रायफलीच्या पुंगळीत अगदी बेमालूम बसते, पण रायफलीचा दाब तिला सोसेलच असे नाही. ती भोसकली जाऊन गरम वायू मागे, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो. मापाने बसते म्हणून चालते, हा तर्क किती फसवा आहे पाहा.

आपल्या घरातले उदाहरण देतो. फ्यूज उडाला आणि घरात फ्यूजची तार नसली, की जाडसर तांब्याची तार गुंडाळून दिवा लावणारे महाभाग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला की कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठल्याशा कंपनीचा व्हॉल्व्ह आणून बसवणारेही आहेत. तार बसते, व्हॉल्व्ह बसतो, दिवा लागतो आणि भातही शिजतो. चूक लगेच दिसत नाही, हाच तिचा खरा धोका असतो. टोपीचेही तसेच. भाच्याने त्या डब्यातल्या टोप्यांची आधी साठ काडतुसे उडवली होती. काही झाले नव्हते.

मोठा प्रश्न आणि लहान प्रश्न

काही वाचक म्हणतील, अमेरिकेत बंदुकांनी एवढी माणसे मरतात आणि हे गृहस्थ टोपीच्या मापाचे काय घेऊन बसले? आक्षेप रास्त आहे. २०२१ या एका वर्षात त्या देशात बंदुकीच्या गोळीने ४८ हजार ८३० माणसे मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्या आकड्यापुढे स्लॅमफायर ही बारीकशी गोष्ट आहे, आणि बंदूक घरात असावी की नसावी या मोठ्या वादाचा निकाल टोपी देऊ शकत नाही. मला स्वतःला विचाराल तर घरात बंदूक नसलेली बरी, याच मताचा मी गेलो आणि त्याच मताचा परतलो.

पण ज्यांच्या घरात ती आहे, त्यांच्या शेजारी आपली मुले-नातवंडे राहतात. आणि जिथे सगळे काही कायदेशीर आहे, माणूस सज्जन आहे, हेतू खेळाचा आहे, तिथेही अपघात कसा घडतो हे लहान प्रश्नातूनच कळते. मोठ्या वादात दोन्ही बाजू घोषणा देतात. टोपीसमोर घोषणा चालत नाही. तिला फक्त वरची मर्यादा आणि खालची मर्यादा कळते.

मग उपाय काय? त्या शेजारच्या गृहस्थांचे शहाणपण मी माझ्या शब्दांत मांडतो. मोकळ्या पिनेच्या रायफलीत लष्करी संवेदनशीलतेचीच टोपी. दर टोपी पातळीच्या आत बसली आहे ना, हे बोटाने आणि पट्टीने तपासणे. पुंगळी मापात आणली आहे ना, हे मापकात घालून पाहणे, कारण ती लांब राहिली तर बोल्ट पुरता बंद होत नाही आणि अर्धवट बंद बोल्टवर गोळी सुटणे हा त्याहून भयंकर प्रकार. सुटे काडतूस नळीत टाकून बोल्ट कधी आदळू न देणे. टोप्या त्यांच्या मूळ डब्यातच ठेवणे. त्या डब्यात प्रत्येक टोपीला वेगळे घर असते ते उगाच नव्हे. काचेच्या बरणीत ओतून ठेवल्या तर एकीबरोबर सगळ्या फुटू शकतात. तिकडच्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत घरात दहा हजारांहून अधिक टोप्या ठेवू नयेत असे आहे. आणि काम झाल्यावर हात धुणे, कारण बहुतेक टोप्यांच्या रसायनात शिसे असते. पुंगळ्या घासल्याची धूळ मुलांच्या हाती लागू नये. शिशाचा त्रास सर्वांत आधी मुलांनाच होतो.

यात उत्पादकांचाही वाटा असायला हवा. मी पाहिलेल्या डब्यांवर टोपीचे माप होते, क्रमांक होता, धोक्याची सूचना होती. पण ती किती संवेदनशील आहे, मोकळ्या पिनेच्या रायफलीत चालेल की नाही, हे साध्या भाषेत सांगणारी ओळ सगळ्यांवर नव्हती. कारखान्यात गोळा टाकून पाहिलेली उंची कारखान्यातच राहते. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिण्याची सक्ती आपण करतो. मग टोपीच्या डब्यावर तेवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? त्यासाठी कुणाचा हक्क काढून घ्यावा लागत नाही आणि कुणाशी राजकीय भांडणही करावे लागत नाही.

पण सगळ्यांत अवघड उपाय या यादीत नाही. तो म्हणजे थांबणे. योग्य टोपी नसेल तर काडतूस भरायचे नाही, स्पर्धा हुकली तर हुकू द्यायची. बत्तीस वर्षांत मी सर्वांत जास्त भांडणे याच एका गोष्टीसाठी केली. माल जवळपास बरोबर आहे, ट्रक दारात उभा आहे, साहेबांना पाठवायची घाई आहे आणि मी म्हणतो, थांबा. असे म्हणणारा माणूस कारखान्यात कुणालाच आवडत नाही. गॅरेजमध्ये तर तो माणूस आणि घाईत असलेला माणूस एकच असतो. त्याला स्वतःशीच भांडावे लागते.

मी पुण्याचा. आमच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्या बाजूच्या वस्त्यांत लहानपणी माझे मित्र राहत. कारखान्यात कामाला जाणाऱ्या त्यांच्या वडिलांना फाटकावर काड्यापेटी ठेवून आत जावे लागे, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्या नियमाचे आम्हाला हसू येई. विडी ओढायची तल्लफ आली तर काय करत असतील, असे आम्ही विचारत असू. आज वाटते, ती काड्यापेटी फाटकावर ठेवणे म्हणजेच थांबणे. कुणीतरी आधी ठरवून ठेवलेले, रोज न विचारता पाळायचे.

भाच्याने ती बत्तीस काडतुसे वापरली नाहीत. ती त्याने एकेक करून उकलली. दाबयंत्र गॅरेजमधून उचलून तळघरातल्या कुलपाच्या खोलीत नेले. त्या वर्षीच्या कॅम्प पेरीच्या स्पर्धेला तो गेला नाही. क्लबातल्या मित्रांनी चेष्टा केली, ती त्याने ऐकून घेतली.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, त्याचा फोन आला. इकडे नातू अंगणात टिकल्या फोडत होता, त्यामुळे नीट ऐकू येत नव्हते. ‘‘मामा, ३४ नंबर मिळाल्या,’’ तो सांगत होता. ‘‘पन्नास भरल्या. दोन उंच बसल्या होत्या, त्या बाजूला काढल्या.’’

‘‘कशाने पाहिलंस?’’ मी विचारले.

‘‘पट्टीने,’’ तो म्हणाला. ‘‘प्रत्येक.’’